दाढीचा साबण : किती घ्यावा, कुठे ठेवावा आणि कधी मोजावा



मुंबईहून कोणी येणार असले की आपल्या घराघरांतून यादी जाते. कोकम, पोहे, मसाला, हलव्यासाठी चीक. यादीच्या तळाशी बहुतेक वेळा पुरुषमंडळींची एक ओळ असते : "दाढीचा साबण, एक डझन." इथल्या दुकानांत फेसाचे डबे आणि ट्यूबा रांगेने मांडलेल्या दिसतात, पण ब्रशने फेस काढायची गोल वडी किंवा कांडी शोधावी लागते. म्हणून ती मिळाली की "पुन्हा मिळेल न मिळेल" असे म्हणत माणूस एकदम पुष्कळ घेऊन ठेवतो. मग ती कपाटात, पलंगाखाली, बाल्कनीतल्या खोक्यात पडून राहते.

मी मुंबईत नर्सिंग शिकले आणि १९७४ साली बीरशेबाला आले. जवळजवळ ४० वर्षे वॉर्डात काम केले. वॉर्डाचे स्टोअरही बरीच वर्षे माझ्याकडे होते. आता निवृत्त झाले, तरी आपल्यातल्या वयस्कर मंडळींकडे जाणेयेणे असते, आणि अजूनही "सिस्टर, हा साबण किती वर्षं टिकतो हो?" असे विचारणारे भेटतात. प्रश्न साधा आहे, पण त्याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे. ती शेवटी सांगते. आधी साबणाचे पाहू.

साबण आणि सबोन

मुलांनो, तुम्ही हिब्रूत 'सबोन' म्हणता, आणि तुमची आजी मराठीत 'साबण' म्हणते. हे दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. लॅटिनमध्ये 'सापो', अरबीत 'साबून', पोर्तुगीजमध्ये 'सबाँव'. व्यापाऱ्यांबरोबर वस्तू फिरली, तसा शब्दही फिरला. त्यामुळे 'सबाचा साबण' म्हटले तर अर्धे हिब्रू, अर्धे मराठी, आणि दोन्हीकडच्यांना समजणारे!

साबण होतो तेल किंवा चरबी आणि क्षार यांच्यापासून. आपल्या पूर्वजांचा तेलाशी जुना संबंध आहे. कोकणात अलिबाग, पेण, रोहा या भागांत बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्या तेलात योग्य क्षार मिसळला असता तर तोही साबणच झाला असता.

अंगाला लावायच्या वडीत बहुतेक कॉस्टिक सोडा वापरतात. दाढीच्या साबणात मात्र पोटॅशचा क्षार जास्त असतो. त्यामुळे तो पाण्यात लवकर विरघळतो आणि फेस मऊ येतो. शिवाय त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असते. त्याने फेस दाट होतो आणि चेहऱ्यावर टिकून राहतो. खोबरेल तेलाने फेस चटकन येतो आणि ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते. म्हणून अंघोळीच्या साबणाने दाढी केली तर फेस दोन मिनिटांत बसतो आणि पाते खरखरते.

ज्यांना साबणात कोणती चरबी आहे हे पाहायचे असेल त्यांनी वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचावीत. 'टॅलोएट' असेल तर गुराढोरांची चरबी, 'लार्डेट' असेल तर डुकराची, 'पाल्मेट' असेल तर पाम तेल आणि 'कोकोएट' असेल तर खोबरेल. साबण खायचा नसतो, तरी पुष्कळांना हे माहीत असलेले बरे वाटते.

वायिक्रा १९:२७ ला धरून जे चेहऱ्याला पाते लावत नाहीत आणि विजेचे यंत्र वापरतात, त्यांना हा साबण लागतच नाही. त्यांनी हा लेख शेजाऱ्यासाठी वाचावा.

किती घ्यावा? मुलांसाठी गणित

एका दाढीला साबण किती लागतो? अंदाज नको, मोजून पाहा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आज कोरडी वडी ठेवा आणि वजन लिहा. महिन्याने पुन्हा ठेवा. जेवढे ग्रॅम कमी झाले, त्याला दाढ्यांच्या संख्येने भागा. आपण गणितासाठी एका दाढीला १ ग्रॅम धरू.

समजा सबा आठवड्यातून ५ वेळा दाढी करतात. शब्बाथला नाही, आणि आणखी एक दिवस कंटाळा! ५ गुणिले ५२ म्हणजे वर्षाला २६० दाढ्या, म्हणजे २६० ग्रॅम. १०० ग्रॅमच्या ३ वड्या वर्षाला पुरून उरतात.

आता ज्यांच्या घरी ओमेरचे दिवस आणि १७ तम्मूज ते ९ आव हे ३ आठवडे दाढी न करण्याची रीत आहे, त्यांचे सुमारे ८ आठवडे वजा करा. ८ गुणिले ५ म्हणजे ४० दाढ्या गेल्या. उरल्या २२०.

मग एक डझन वड्या, म्हणजे १२०० ग्रॅम, किती दिवस पुरतील? पहिल्या सबांना साडेचार वर्षांहून थोडे जास्त आणि दुसऱ्या सबांना सुमारे साडेपाच वर्षे. मुलांनो, हे उत्तर सबांना सांगा आणि त्यांचा चेहरा पाहा. बहुतेकांना वाटते की डझन म्हणजे एका वर्षाची बेगमी.

म्हणून माझे म्हणणे असे, की वापरातली एक वडी सोडून ३ किंवा ४ वड्या घरात असाव्यात, जास्तीत जास्त ६. कंपन्या माल बंद करतात, वास बदलतात, घटक बदलतात, म्हणून थोडा साठा करणे चूक नाही. पण आपण एकमेकांना १२० वर्षांचे आयुष्य चिंतितो, म्हणून १२० वर्षांचा साबण भरून ठेवायचे कारण नाही! चेहऱ्याची कातडीही वयाबरोबर बदलते. पंचाहत्तरीत जो साबण सोसतो तो ऐंशीत झोंबू शकतो. नवीन जातीचा साबण असेल तर आधी एकच घ्या, महिनाभर वापरा, मग बाकीचे मागवा.

हिशोबात पाणीही धरावे लागते. किटलीत पांढरा थर बसतो, ज्याला इथे 'अव्हनीत' म्हणतात, तो पाण्यातल्या चुन्याचा. असे जड पाणी साबणाला खाते. फेस कमी, साबण जास्त आणि चेहऱ्यावर पांढरी साय. अश्कलोनचा समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना २००५ मध्ये सुरू झाला, पुढे हदेरा आणि सोरेकचे झाले, तेव्हापासून पुष्कळ गावांच्या नळाला पूर्वीपेक्षा हलके पाणी येते. तरी जिथे विहिरीचे पाणी जास्त येते तिथे फरक जाणवतो. उपाय सोपा आहे. पाणी उकळून गार करा, खाली बसलेला गाळ सोडून वरचे वाटीभर पाणी फेसासाठी घ्या.

कुठे ठेवावा?

वॉर्डाच्या स्टोअरमध्ये आम्हांला एक नियम पहिल्या दिवशी शिकवला होता : नवा माल मागे, जुना माल पुढे. घरीही तेच करा. वडी आली की वेष्टनावर पेनने महिना आणि वर्ष लिहा आणि मागच्या रांगेत ठेवा. घ्यायची ती नेहमी पुढची.

कोरडी, घट्ट वडी वेष्टनात बंद असेल आणि जागा थंड, कोरडी, अंधारी असेल तर ती पुष्कळ वर्षे वापरण्याजोगी राहते. वास थोडा उडतो, वजन थोडे घटते, कारण आतले पाणी सुकते. फेस मात्र येतो. जुन्या नाब्लुसच्या साबणाचे चित्र तुम्ही पाहिले असेल. तिथे साबणाच्या वड्या मधून हवा जाईल अशा रचून उंच मनोरे करीत आणि काही महिने वाळवीत. वाळलेला साबण जास्त टिकतो हे त्यांना ठाऊक होते.

आपल्या देशात दोन हवामाने आहेत. अश्दोद, हैफासारख्या किनाऱ्याच्या गावांत दमट हवेने ग्लिसरीनवाल्या साबणाला घाम सुटतो. अगदी मुंबईच्या पावसाळ्यासारखा. तिथे घट्ट झाकणाचा डबा बरा. दिमोना, येरुखामकडे उलट. हवा इतकी कोरडी की उघडी वडी आक्रसते, तडकते. तिथेही वेष्टन काढू नका. दोन्हीकडे चार जागा टाळा :

न्हाणीघर. तिथे रोज वाफ असते. वापरातली एक वडी ठेवा, साठा नको.

बाल्कनी. शरावच्या दिवसांत तिथली हवा भट्टीसारखी होते. उष्णतेने तेल लवकर खवट होते.

धान्याचे कपाट. साबणाचा वास पोह्यांना आणि चहाला लागतो. शब्बाथला लव्हेंडरचे पोहे कोणाला खायचे आहेत?

ममाद. १९९० च्या दशकापासून बांधलेल्या घरांत ही सुरक्षित खोली असते आणि आपण तिची कोठी करतो. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर आणि पुन्हा २०२५ च्या जूनमध्ये आपण सर्वांनी पाहिले की सायरन झाला की त्या खोलीत म्हाताऱ्या माणसाला चालण्याच्या काठीसकट पटकन शिरता आले पाहिजे. वाटेत खोकी नकोत.

बेडरूमच्या कपाटातला मधला कप्पा सगळ्यांत चांगला. तिथे साबणाचा वास कपड्यांना लागला तरी कोणी तक्रार करीत नाही.

साबण खराब झाला हे कसे ओळखावे? वर नारिंगी-तपकिरी ठिपके येतात, चिकटपणा येतो, जुन्या तेलासारखा खवट वास येतो. असा साबण चेहऱ्याला लावू नका, फरशी धुवायला घ्या. ट्यूबमधले क्रीम वडीइतके टिकत नाही, कारण त्यात पाणी जास्त. डब्यावर उघड्या बरणीचे छोटे चित्र असते आणि त्यात एक आकडा असतो. १२ असेल तर उघडल्यापासून १२ महिने. क्रीमचे पाणी वेगळे झाले किंवा बुरशी दिसली तर सरळ फेकून द्या.

दाबाखाली भरलेला फेसाचा डबा ही वेगळी गोष्ट आहे. तो ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये, असे त्याच्यावरच लिहिलेले असते. आपल्या उन्हाळ्यात बंद मोटारीत हे तापमान सहज होते आणि डबा फुटू शकतो. मोटारीत, गॅसजवळ, उन्हाच्या खिडकीत तो ठेवू नका. मुलांनो, रिकामा झाला तरी त्याला भोक पाडायचे नाही.

मुंबईहून आणताना घट्ट वडी हातातल्या बॅगेत चालते. क्रीम आणि फेस द्रवात मोजतात, म्हणून मोठी ट्यूब किंवा डबा सोबतच्या बॅगेतून काढून घेतला जातो. आणणाऱ्याला हे आधी सांगावे, म्हणजे त्याची पंचाईत होणार नाही.

ब्रश आणि पाते

साबण वापरून झाला की वडीवरचा फेस धुवा आणि ती उघडी सुकू द्या. ओली वडी डबीत बंद केली की खाली चिखल होतो आणि साबण फुकट जातो. ब्रश झटकून, केस खाली येतील असा टांगा. ब्रशला कमी समजू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड आणि अमेरिकेत घोड्याच्या केसांचे, नीट निर्जंतुक न केलेले ब्रश बाजारात आले आणि त्यांतून काही लोकांना अँथ्रॅक्स झाला. आजच्या ब्रशांची तशी भीती नाही, पण स्वच्छता हवीच.

साबण घरातल्या दोघांनी वापरला तर मी फार ओरडणार नाही. पाते आणि तुरटीचा खडा मात्र ज्याचा त्याने वेगळा ठेवावा. काविळीचा 'बी' विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान ७ दिवस जिवंत राहू शकतो. नातवाने घाईत सबांचे पाते घेणे किंवा सबांनी नातवाचे, दोन्ही नको.

आम्ही शिकत होतो तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटची जागा साबण लावून वस्तऱ्याने साफ करणे हे नर्सचे रोजचे काम होते. वॉर्डात साबण डझनावारी लागे तो त्यासाठी. पुढे अभ्यासांत दिसून आले की पात्याच्या बारीक जखमांतून जंतू शिरतात. २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांप्रमाणे केस तसेच ठेवावेत, अगदी गरज असेल तरच यंत्राने कापावेत. म्हणून ऑपरेशन ठरले असेल तर "घरूनच साफ करून जातो" असे करू नका.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर पाते वापरावे की विजेचे यंत्र, हे कुपात खोलीमच्या डॉक्टरांना विचारा. कापले तर स्वच्छ कापडाने १० मिनिटे न उचलता दाबून धरा. तरीही थांबले नाही तर दवाखान्यात जा.

आणि कधी मोजावा?

आता ती शेवटची गोष्ट. साठा केल्याचा एक फायदा असा आहे, ज्याचा कोणी विचार करीत नाही. साठा मोजता येतो, आणि तो घरातल्या वयस्कर माणसाबद्दल सांगतो.

साबण जसा संपायला हवा तसा संपत नसेल, तर सबा दाढी करीत नाहीत. का करीत नाहीत? कदाचित त्यांनी दाढी राखायचे ठरवले असेल, मग काही प्रश्न नाही. पण ज्या माणसाने ६० वर्षे शुक्रवारी शब्बाथच्या आधी गुळगुळीत दाढी केली, त्याने एकाएकी सोडली तर विचारायला हवे. हात कापतो का? आरशात नीट दिसत नाही का? न्हाणीघरात उभे राहायची भीती वाटते का? एकदा पडले आणि कोणाला सांगितले नाही, असे तर नाही? म्हातारी माणसे हे आपणहून सांगत नाहीत. मुले काळजी करतील, किंवा घरात मेटापेल आणून ठेवतील, या भीतीने गप्प राहतात.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांची पत्नी वारली. त्यांनी शिवा पाळली, श्लोशिम पाळले, दाढी केली नाही. सगळ्यांना ते योग्यच वाटले. पण ३० दिवस झाले, ६० झाले, चार महिने झाले. मुलगी दर आठवड्याला यायची, डबे ठेवायची, जायची. एक दिवस ती बापासाठी नवीन साबण ठेवायला कपाट उघडते, तर जुन्या सगळ्या वड्या होत्या तशाच. तिने डब्यांचे झाकण उघडून पाहिले, तर जेवणही तसेच. तेव्हा डॉक्टरांना बोलावले. मनाचा आजार होता, औषधाने आणि सोबतीने हळूहळू उतार पडला. दुःखाला आपल्या धर्माने दिवस घालून दिले आहेत. ते दिवस उलटून गेल्यावरही माणूस परत उभा राहत नसेल, तर घरच्यांनी हात द्यायचा.

दुसरीकडे उलटे पाहिले. एका घरी एकाच जातीच्या १९ वड्या निघाल्या, सगळ्या नवीन. ते गृहस्थ दर वेळी बाजारात गेले की घरात साबण नाही असे समजून घेऊन येत. पैशांचे नुकसान थोडे, पण विसरण्याची ती पहिली खूण होती. बोलण्यात ते तरबेज, जुन्या गोष्टी तोंडपाठ, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. कपाटाने सांगितले. तपासणी वेळेवर झाली, म्हणून औषधांच्या वेळा आणि गॅसची काळजी घरच्यांनी आधीच हातात घेतली.

तिसरी खूण चेहऱ्यावरच दिसते. वॉर्डात असे पेशंट पुष्कळ पाहिले, ज्यांची उजवी बाजू गुळगुळीत आणि डावी बाजू तशीच वाढलेली. "दाढी अर्धी राहिली" म्हटले तर रागावतात, "पूर्ण केली आहे" म्हणतात. ते खोटे बोलत नसतात. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला की कधी कधी डावी बाजू आहे हेच माणसाला जाणवत नाही. डोळे चांगले असतात, पण तिकडे लक्ष जात नाही. असे एकाएकी दिसले, किंवा तोंड एका बाजूला झुकले, एक हात उचलेना, शब्द अडखळू लागले, तर आजचे उद्यावर टाकू नका, आणि मुलगा कामावरून येईपर्यंत थांबूही नका. लगेच १०१ ला फोन करा. झटक्यात मिनिटे मोलाची असतात.

म्हणून मुलांनो, तुम्हांला एक काम देते. दर रोश खोदेशला सबांच्या कपाटातल्या वड्या मोजा. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा आणि त्यावर तारीख आणि आकडा लिहा. सहा महिने आकडा हलला नाही, किंवा एकदम वाढला, तर आई-बाबांना सांगा. सबांना रागावायचे नाही, पोलिसासारखी चौकशी करायची नाही. जवळ बसायचे आणि म्हणायचे, "सबा, आज मी तुमचा फेस काढून देऊ?" कोमट पाणी, ओला ब्रश, वडीवर अर्धा मिनिट गोल गोल फिरवायचा, मग वाटीत थेंब थेंब पाणी घालून घोटायचे. ब्रश उचलल्यावर फेसाला शेंडी उभी राहिली की झाला. हात कापणाऱ्या माणसाला एवढी मदत पुष्कळ होते. पाते मात्र मोठ्यांच्या हातात.

ज्यांच्या घरी मेटापेल येतो, त्यांनी त्याला साबण आणि ब्रश कुठे आहेत हे दाखवावे. पुष्कळ घरी घाईत फेसाच्या डब्याने उरकतात. सबांना त्यांचा ओळखीचा वास आणि गरम ब्रश मिळाला तर त्या दिवशी ते जेवतातही नीट, हा माझा अनुभव आहे.

आणि ज्यांच्याकडे खरोखर जास्त झाला आहे, त्यांनी तो वाटून टाकावा. एक वडी सैन्यात निघालेल्या नातवाला द्या, एक एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याला. देण्याच्या निमित्ताने दार वाजवले जाते, चहा होतो, आणि तो माणूस कसा आहे हे आपल्या डोळ्यांनी दिसते.

या शुक्रवारी कपाट उघडा, वड्यांवर तारखा लिहा, आणि कागद चिकटवा. सर्वांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. शब्बाथ शालोम!